बास्केटबॉलचे अनुबोधपट आणि सबुरीचा प्रश्न

शाळकरी वयात व्यावसायिक बास्केटबॉलची आकांक्षा धरणाऱ्या मुलांवरील अनुबोधपटांची अमेरिकेत गेल्या तीन दशकांत एक स्वतंत्र परंपराच निर्माण झाली असली, तरी तिचा मूळ पुरुष जो 'हूप ड्रीम्स' (१९९४), त्याच्या तोडीचा दुसरा चित्रपट माझ्या मते अद्याप निपजलेला नाही. आणि याचे कारण दिग्दर्शकांच्या बुद्धिमत्तेपेक्षा त्यांच्या सबुरीतच शोधावे लागते.

स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट या त्रयीने शिकागोच्या कार्टेमक्विन संस्थेच्या आश्रयाने योजला होता तो अर्ध्या तासाचा लघुपट. पण काम पाच वर्षे लांबत गेले, सुमारे अडीचशे तासांचे चित्रण साठले, आणि त्यातून जवळजवळ तीन तासांची कृती सिद्ध झाली. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील दोन मुले, नामवंत बास्केटबॉलपटू आयझाया टॉमसने जिचे नाव गाजवले त्या सेंट जोसेफ या उपनगरी खाजगी शाळेत दाखल होतात. पुढे आर्थरची फी थकते, शाळा त्याला बाहेरची वाट दाखवते, आणि थकबाकीचा निकाल लागेपर्यंत त्याच्या शिक्षणाचे दप्तरही अडवून धरते. मुलाचा खेळ अपेक्षेइतका फुलला असता तर हीच बाकी शाळेला एवढी जड झाली नसती, असा प्रेक्षकाचा ग्रह झाल्यावाचून राहत नाही.

परंतु या चित्रपटाचा प्राण मैदानावर नाही. नवरा घर सोडून गेलेला, सरकारी मदत महिना अवघी २६८ डॉलर, मध्यंतरी घरची वीज तोडलेली, अशा स्थितीत आर्थरची आई शीला रुग्णसेवेचा अभ्यासक्रम पुरा करते, आणि वर्गात सर्वाधिक गुण आपल्यालाच मिळाले हे कळताच तिला रडू आवरत नाही. हा प्रसंग कोणत्याही संहितेत आधी लिहिता आला नसता. तो घडेपर्यंत त्या घरी येत-जात राहणाऱ्यालाच तो मिळाला. अशा कृतीला ऑस्करच्या अनुबोधपट विभागात साधे नामांकनही मिळू नये, केवळ संकलनापुरती तिची दखल घेतली जावी, हा अन्यायच होता; त्यावर उठलेल्या गदारोळामुळे निवडीचे नियम पुढे बदलावे लागले.

त्यानंतरच्या चित्रपटांत बहुधा निकाल आधीच ठाऊक असतो. पुढे जगप्रसिद्ध खेळाडू झालेला लेब्रॉन जेम्स आणि त्याच्या अ‍ॅक्रनमधील मित्रांवरील 'मोअर दॅन अ गेम' (२००८) मुलांच्या स्नेहाचे मनोज्ञ चित्रण करतो. तथापि नायकच निर्मात्यांच्या पंक्तीत बसलेला असल्याने संशयाला तेथे जागा उरत नाही, आणि संशय नसला की जिव्हाळाही जाहिरातीसारखा भासू लागतो. सिएटलच्या मुलींच्या संघावरील 'द हार्ट ऑफ द गेम' (२००५) मात्र सरस आहे, कारण डार्नेलिया रसेल ही खेळाडू गर्भवती होऊन शिक्षणात मागे पडते, आणि तिला पुन्हा खेळू द्यावे की नाही हा मामला न्यायालयात जातो, याची कल्पना चित्रणास आरंभ करताना दिग्दर्शकाला असणे शक्यच नव्हते.

सर्वांत धाडसी वाटतो तो सॅफ्डी बंधूंचा 'लेनी कुक' (२०१३). एके काळी लेब्रॉनच्याही वर गणला गेलेला हा तरुण २००२ साली एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत नाकारला गेला. त्या काळच्या चित्रणाला पुढच्या अनेक वर्षांच्या चित्रणाची जोड देऊन शेवटी दिग्दर्शकांनी तंत्राच्या साहाय्याने स्थूल, प्रौढ लेनीला तरुण लेनीसमोर उभे करून बोलते केले आहे. ही क्लृप्ती मला मान्य नाही, कारण जे काळानेच दाखवले होते ते पुन्हा हाताने दाखवण्याची गरज नव्हती. पण पराभूताच्या घरी परत जाण्याचे जे धैर्य तिच्यामागे आहे, त्याचा आदर वाटतो.

आज हा प्रकार मालिकांच्या हाती गेला आहे. पूर्व लॉस एंजेलिसच्या महाविद्यालयावरील 'लास्ट चान्स यू: बास्केटबॉल' (२०२१) ही त्यांतली भली मालिका असली, तरी तिच्या प्रत्येक भागाला उत्कंठेचा ठरीव शेवट लागतो आणि जॉन मोझली या प्रशिक्षकाच्या तळमळीवर पार्श्वसंगीताचा अकारण भार पडतो. मात्र मार्च २०२० मध्ये साथीमुळे राज्य स्पर्धाच रद्द होते, तेव्हा आखलेला शेवट निर्मात्यांच्या हातून निसटतो, आणि वर्षभर राबलेली मुले व त्यांचे प्रशिक्षक काय बोलावे हे न सुचून एकमेकांकडे पाहतात; संपूर्ण मालिकेत अनुबोधपट म्हणून मला खरा वाटला तो एवढाच भाग.