नेपच्यूनचा निळा कोणाच्या हातचा?

शाळेतल्या तक्त्यावर नेपच्यून गर्द निळा आणि युरेनस फिकट हिरवट असतो. हा गर्द निळा १९८९ च्या ऑगस्टमधला. व्हॉयेजर-२ तेव्हा नेपच्यूनजवळून गेले. ढगांचे पट्टे उठून दिसावेत म्हणून त्याने पाठवलेल्या चित्रांचा रंग मुद्दाम चढवला होता आणि चित्राखालच्या ओळींत तसे सांगितलेही होते. पुढे चित्र फिरत राहिले, ओळी गळून पडल्या. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक आयर्विन यांच्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये नव्या मोजमापांवरून दाखवून दिले, की दोन्ही ग्रह जवळपास सारखेच फिकट हिरवट-निळे आहेत. नेपच्यून जेमतेम अधिक निळा. ग्रहचित्रे घडवण्याच्या कलेची आजची अवस्था यात दिसते. हात चांगला बसला आहे, केलेल्या कामाची नोंद मात्र टिकत नाही.

यानाकडून येतात ते आकडे. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याचे उदाहरण घ्या. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तो तयार झाला. त्याच्या २०४८ × २०४८ ठिपक्यांपैकी प्रत्येकावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरायचे. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायचा, भिंगाच्या कडेचा अंधार भरून काढायचा. इथवर गणित आहे. खरा वाद पुढे, रंगांचा तोल साधताना. १९७६ च्या जुलैमध्ये व्हायकिंग-१ च्या पहिल्या रंगीत चित्रात मंगळाचे आकाश निळसर दिसले. मोजणी नीट झाल्यावर ते गुलाबी-तांबूस निघाले. नासाच्या प्रयोगशाळेतही डोळ्याला पृथ्वीची सवय आडवी आली, तिथे हौशी माणसाची काय कथा!

हौशी मंडळींनी या कलेत खरी उंची गाठली ती गुरूच्या चित्रांत. जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरते आहे आणि स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन गिरक्या घेते. त्यामुळे त्याच्या कॅमेऱ्यात अखंड चित्र उमटत नाही. १६४८ ठिपके रुंद आणि १२८ ठिपके उंच अशा पट्ट्या येतात, रंगागणिक वेगळ्या. पट्टी टिपली त्या क्षणी यान कुठे होते आणि कॅमेऱ्याचे तोंड कुठे होते, हे काढून ती गुरूच्या गोलावर बसवावी लागते. कच्च्या पट्ट्या सर्वांसाठी खुल्या आहेत आणि घडवण्याचे काम बव्हंशी लोकांवरच सोपवले आहे. गेराल्ड आइखश्टेट यांनी या भूमितीत नाव मिळवले. केविन गिल आणि शॉन डोरन यांची चित्रे जगभर गाजली. डोरन यांच्या गुरूवर भोवरे तैलचित्रासारखे दाट उतरतात. ते सुंदर आहे, पण गुरूजवळच्या प्रवाशाला खिडकीतून असा गुरू दिसणार नाही.

उलट टोकाचे उदाहरण आपल्याकडचे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे उतरणारे यान चंद्रावर आदळले. चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाची आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून ताडली. एकच उजळ ठिपका नवा सापडला आणि अवशेषांचा माग लागला. नासाने डिसेंबरमध्ये त्याला दुजोरा दिला. रंग चढवण्याच्या हौसेत असा ठिपका सहज पुसला गेला असता. हात आवरणे हीसुद्धा या कलेतली पात्रता आहे, आणि तिला टाळ्या कमी मिळतात.

साधनांची सबब आता चालणार नाही. मंगळयान आणि चांद्रयानांची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत उतरवता येते. चांद्रयान-२ च्या सर्वात तीक्ष्ण कॅमेऱ्याला शंभर किलोमीटरवरून पाव मीटरचा तपशील दिसतो. अंकुशनगरसारख्या लहान गावातल्या मुलाला मिळणारी फाइल आणि बंगळुरूतल्या मुलाला मिळणारी फाइल एकच. हौसही कमी नाही: २०२१ मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाने घरच्या दुर्बिणीतून टिपलेल्या सुमारे ५० हजार चौकटी रचून चंद्राचे रंगीत चित्र केले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची, म्हणजे आकाशाकडे पाहण्याची परंपराही जुनी. तरी यानाची कच्ची फाइल उघडण्यापासून शिकवणारे मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. परिणामी आपल्याकडे तयार चित्रांना पसंती देणारे पुष्कळ, पारखणारे थोडे.

पारख नोंदीशिवाय येत नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातले विरघळलेले घन पदार्थ (ब्रिक्स), साखर (पोल) आणि शुद्धता यांची नोंद पाळीगणिक वहीत चढते. साखर पोत्यात गेली तरी ती कशी झाली हे वही सांगते. ग्रहचित्राला तेवढीच शिस्त हवी. मूळ फाइलचा क्रमांक, कोणत्या गाळण्या वापरल्या, रंग आणि उठाव किती वाढवला: तीन ओळी पुरतात. जाणकार हौशी त्या लिहितातही; वृत्तपत्रात आणि व्हॉट्सॲपवर येताना त्या छाटल्या जातात. रंग चढवण्याला माझी हरकत नाही. चढवलेल्या रंगामुळेच चंद्रावरची टायटॅनियमयुक्त निळसर मैदाने ओळखू येतात. पण तो चढवलेला आहे हे वाचकाला कळलेच पाहिजे. मराठी संपादकांनी या ओळींशिवाय ग्रहाचे चित्र छापू नये. नेपच्यूनच्या बाबतीत ती हयगय सुमारे चौतीस वर्षे पुरली.