‘गुण’ आणि ‘गुणवत्ता’ : शिष्यवृत्तीच्या परिभाषेची एक चिकित्सा

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत शिकण्याची आकांक्षा बाळगणारा नागपूरचा पदव्युत्तर विद्यार्थी ज्या शब्दाचा प्रथम आश्रय घेतो, तो ‘गुणवत्ता-शिष्यवृत्ती’ हा होय. अर्जांत, जाहिरातींत आणि शासकीय निर्णयांत हा शब्द इतक्या सहजतेने वावरतो, की त्याच्या पोटात परस्परांहून भिन्न अशा अनेक कल्पना एकत्र नांदत आहेत याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही सरमिसळ केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय असती, तर तिची उपेक्षा करता आली असती. परंतु परदेशी कोणाला पाठवावे आणि तेथे त्याने काय अभ्यासावे, याचे निर्णय याच शब्दांच्या आधारे होतात. म्हणून त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते. आणि त्या चिकित्सेसाठी कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली भीमराव रामजी आंबेडकर यांनी वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधाइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘शिष्यवृत्ती’तील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. मराठेशाहीतील कागदपत्रांत ‘वृत्ती’ हा हक्कवाचक शब्द आहे. वृत्तिवंताचा तो हक्क वंशपरंपरेने चालत असे. ‘पात्रता’ हा शब्द दानाच्या परिभाषेतून आलेला आहे. दान सत्पात्री असावे, या वचनात पात्र ठरविणारा दाता असतो. पात्राने स्वतःविषयी बोलावयाचे नसते. पेशवाईत श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा ही विद्येला दिलेली मान्यता खरीच, पण तिचे पात्र ब्राह्मणच असे. तेथे जन्म ही पहिली कसोटी होती आणि विद्या ही दुसरी. ‘गुण’ या शब्दाचा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. गुण म्हणजे अंगची उत्तम शक्ती. आणि गुण म्हणजेच परीक्षेत पडलेले आकडे. एकाच ध्वनिरूपाने दोन्ही अर्थ वाहिल्यामुळे, ज्याला गुण अधिक पडले तो अधिक गुणवान, हे विधान मराठीत सिद्ध करावे लागत नाही. भाषाच ते परस्पर सिद्ध करून टाकते.

आता १९१३ सालच्या एका निवडीकडे वळू. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस नेले आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांचे साहाय्य मिळाले. १९१३ साली बडोदे संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात पाठविण्यासाठी विद्यार्थी निवडले, त्यांत त्यांचा समावेश झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. अट अशी, की ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी. म्हणजे या एका करारात उपजीविका, दान, सेवेचे बंधन आणि गुणांची पारख ही सर्व एकत्र आली होती. त्यांत परीक्षेतील आकड्यांना मात्र निर्णायक स्थान नव्हते.

या वृत्तीचे फलित कशाने मोजावे? १९१५ ची एम.ए. पदवी किंवा पुढील पीएच.डी. ही फलिते उघडच आहेत. तथापि खरे फलित पदव्यांच्या बाहेर आहे. आंबेडकरांनी कोलंबियात घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद झाली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी मानवशास्त्राच्या ज्या चार वर्गांत जाऊन बसला, त्यांतूनच प्रस्तुत निबंध निर्माण झाला. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात तो वाचला गेला आणि मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते.

निबंधाचा आरंभ व्याख्यांच्या परीक्षणाने होतो. सेनार, नेस्फील्ड आणि रिस्ले या युरोपीय पंडितांच्या व्याख्या तपासल्यावर लेखक श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याकडे येतो. केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले, ज्ञानकोशाच्या उद्योगाचा आरंभ त्यांनी नागपुरास केला, आणि ‘भारतातील जातिसंस्थेचा इतिहास’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ कॉर्नेल विद्यापीठातील वास्तव्यात, १९०९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे एका अमेरिकन विद्यापीठातील मराठी विद्यार्थ्याच्या सिद्धांताची परीक्षा दुसऱ्या अमेरिकन विद्यापीठातील मराठी विद्यार्थ्याने केली, असा हा प्रसंग आहे. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : सभासदत्व जातीत जन्मलेल्यांपुरते मर्यादित असणे आणि जातीबाहेर विवाहास बंदी असणे. जातीचा विचार एकेकटीने न करता जातींच्या समूहाच्या संदर्भात केला, याबद्दल आंबेडकर केतकरांचा गौरव करतात. परंतु ही दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, असा आक्षेप घेतात. बाहेर विवाह करण्यास मनाई केली, की सभासदत्व जन्मावर आपोआप मर्यादित होते.

हा आक्षेप आपल्या शास्त्रपरंपरेच्या भाषेत लाघवाचा आहे. एका लक्षणाने काम भागत असता दुसरे सांगणे हा गौरवदोष होय. मात्र आक्षेप पूर्णतः निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. विवाहबंदी पाळूनही एखादा समूह बाहेरच्या कुटुंबांना सामावून घेऊ शकतो. उलट, मिश्र विवाह होऊ देऊनही केवळ त्यांची संतती वगळणे तर्कतः शक्य आहे. तेव्हा दोन्ही लक्षणे सर्वथा समव्याप्त नाहीत. तरीही आंबेडकरांनी साधलेला संक्षेप फलदायी ठरला. अंतर्विवाह हे एकच लक्षण हाती धरल्यामुळे, तो टिकविण्यासाठी समूहाला काय काय करावे लागते, हा प्रश्न विचारता आला. पतीच्या मृत्यूने ‘अतिरिक्त’ ठरणारी स्त्री आणि पत्नीच्या मृत्यूने ‘अतिरिक्त’ ठरणारा पुरुष यांची व्यवस्था म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा अर्थ लावता आला. व्याख्येतील एक शब्द कमी झाला आणि समाजशास्त्राला एक यंत्रणा दिसली. वर्णनाकडून कारणाकडे जाण्याचे हे सामर्थ्य म्हणजेच गुणवत्ता होय. आणि ते २८२ या आकड्यात कोठेही नोंदलेले नव्हते.

या निबंधाला एक कठोर उत्तरकथा आहे. १९१७ साली करारानुसार आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि दहा वर्षांची सेवा अल्पावधीतच संपुष्टात आली. तरीही १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला ग्रंथ त्यांनी सयाजीरावांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. सेवेचा करार मोडला. विद्येचे ऋण मात्र फेडले गेले.

आजच्या योजनांकडे या दृष्टीने पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून चालू असून अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. तिचे मोल वादातीत आहे. परंतु तिच्या नियमांत अर्हता-परीक्षेत किमान ६० टक्के गुणांची अट आली. आणि २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास यांवरील संशोधनाचे विषय योजनेबाहेर ठेवले. हे विषय भारतातच अभ्यासता येतात, असे त्याचे समर्थन करता येईल. पण ‘भारतातील जाती’ हा निबंध त्याच वर्गातला आहे. भारताचा अभ्यास भारतात होऊ शकतो, हे खरे. तो भारताबाहेरील पद्धतींच्या कसोटीवर लावून पाहण्याचा अधिकार मात्र त्यामुळे संपत नाही. केतकर आणि आंबेडकर यांचा वाद हेच सांगतो.

अमेरिकन विद्यापीठांची व्यवस्था येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया ज्यांत मोडतात, त्या आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत पदवीच्या स्तरावर गुणवत्तेसाठी म्हणून शिष्यवृत्ती दिली जात नाही. साहाय्य मिळते ते आर्थिक गरजेनुसार. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी यांत तर परदेशी अर्जदाराचीही ऐपत प्रवेशाच्या वेळी विचारात घेतली जात नाही. गुणवत्तेचा प्रश्न प्रवेशाच्या दाराशी संपतो आणि पैशाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मराठी शब्दाने जे एकत्र बांधले आहे, ते तेथे विलग केले आहे. पीएच.डी.साठी बहुतेक मोठी विद्यापीठे शुल्कमाफी व निर्वाहवेतन देतात आणि त्या मोबदल्यात बहुधा अध्यापनाचे वा संशोधन-साहाय्याचे काम घेतात. एम.ए., एम.एस. यांसारख्या पदव्यांचा भार मात्र बव्हंशी विद्यार्थ्यावरच पडतो. म्हणून आपल्या शासकीय योजनांचे महत्त्व तेथेच सर्वाधिक आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. गुणांची अट काढली, तर शिफारस परत येईल. आंबेडकरांना केळुसकर भेटले. ज्यांना ते भेटले नाहीत अशांची गणना इतिहासात नाही. आकडा निर्विकार असतो, तो जात विचारत नाही, हेही खोटे नाही. अमेरिकन प्रवेशपद्धतीतील स्वनिवेदन व शिफारसपत्रे यांतही सफाईदार इंग्रजी ज्याच्या घरात आहे त्याला झुकते माप मिळते. म्हणून आकड्याचा त्याग करणे हा उपाय नव्हे. आकडा हा उंबरठा असावा, माप असू नये, एवढेच म्हणणे रास्त होय. उंबरठा ओलांडल्यावर विद्यार्थ्याने काय लिहिले आहे, कोणता प्रश्न विचारला आहे, आणि पूर्वसूरींशी तो कोणत्या मुद्द्यावर असहमत आहे, हे पाहिले पाहिजे. तो प्रश्न आपल्याच समाजाविषयी असेल, तर तेवढ्या कारणाने तो बाद होता कामा नये.

दीक्षाभूमीच्या या नगरीत परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज दरवर्षी भरले जातात. त्यांतील ‘गुण’ या रकान्यात काय लिहावयाचे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ‘संशोधनाचा विषय’ हा रकाना भरताना मात्र आपला खरा प्रश्न लिहावा की नियमांत बसणारा, असा विचार त्याला करावा लागत असेल, तर ती उणीव विद्यार्थ्याची नसून अर्जाची आहे.