ई-पुस्तक : विक्री की भाडेपट्टा?

मॅकमिलन हे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस जुन्या इंग्रजी शाळांतील पाठ्यपुस्तकांमुळे परिचित असेल. याच प्रकाशनसंस्थेच्या अमेरिकन शाखेने १ नोव्हेंबर २०१९ पासून ग्रंथालयांस ई-पुस्तके देण्यावर एक नवा निर्बंध घातला आणि अवघ्या साडेचार महिन्यांत, १७ मार्च २०२० रोजी, तो मागेही घेतला. मागे घेतलेल्या नियमाची चिकित्सा आता कशास, असे कोणी विचारील. नियम गेला, परंतु ज्या अधिकाराच्या बळावर तो घातला गेला, तो अधिकार प्रकाशकापाशी अद्याप अबाधित आहे, आणि आम्हांस चिंता आहे ती त्याची.

निर्बंध असा होता. नवे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून पहिले आठ आठवडे कोणत्याही ग्रंथालय-संस्थेस त्याची एकच ई-प्रत मिळावयाची. ती ३० डॉलरला, पण कायमची. त्यानंतर हव्या तितक्या प्रती घ्याव्यात; मात्र प्रत्येकीस ६० डॉलर मोजावेत, आणि दोन वर्षे भरताच ती प्रत गेली असे समजावे. सामान्य ग्राहकास असे पुस्तक तेरा डॉलरच्या आसपास पडे. लहानशा गावाच्या ग्रंथालयास ३० डॉलरची कायमची प्रत लाभाचीच होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण सिॲटलनजीक दहा लाखांहून अधिक वस्तीला पुस्तके पुरविणाऱ्या किंग काउंटीच्या ग्रंथालयासही एकच प्रत! वाचकास तीन आठवड्यांची मुदत दिली, तर आठ आठवडे संपेतो ती प्रत जेमतेम तिसऱ्याच्या हाती पोहोचणार. पंगत पाचांची असो वा पाच हजारांची, भात एकच शेर शिजवावा, असा हा न्याय. किंग काउंटीने मॅकमिलनची नवी ई-पुस्तके घेणेच थांबविले. इतर अनेक ग्रंथालयांनी तोच मार्ग धरला, आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या निषेधपत्रकावर लाखाहून अधिक सह्या झाल्या.

प्रकाशकाची बाजूही ऐकली पाहिजे. संस्थेचे तत्कालीन प्रमुख जॉन सार्जंट यांचे म्हणणे असे की, मॅकमिलनच्या ई-पुस्तकांचे अमेरिकेतील ४५ टक्के वाचन ग्रंथालयांतून फुकट होते; छापील पुस्तकासाठी ग्रंथालयात खेप घालावी लागे, ई-पुस्तक घरबसल्या मिळते, आणि त्यामुळे विक्री घटून लेखकाचे मानधन बुडते. लेखकाच्या पोटाचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु ‘फुकट’ हा शब्द येथे खरा नव्हे. वाचकास फुकट असलेले ते पुस्तक ग्रंथालयाने ग्राहकाच्या चौपटीहून अधिक दाम देऊन, आणि तेही जनतेच्या करातून, घेतलेले असते. शिवाय लेखकास भरपाई देण्याचा दुसरा, प्रामाणिक मार्ग जगास ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यान्वये ग्रंथालयातून पुस्तक दिले गेल्याबद्दल सरकार लेखकास मोबदला देते, आणि १ जुलै २०१८ पासून घरबसल्या उसन्या घेतलेल्या ई-पुस्तकांसही तो लागू झाला आहे. लेखकाच्या कळवळ्याने बोलणाऱ्यांनी अशा योजनेचा आग्रह धरावयास हवा होता; त्यांनी वाचकांची रांग लांबविली.

ही वृत्ती मॅकमिलनपुरतीच आहे, असेही नव्हे. हार्परकॉलिन्स या संस्थेने मार्च २०११ पासून नियम केला की, ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा उसने दिले की संपले. पुढे हवे तर पुन्हा विकत घ्यावे. का, तर छापील प्रतही साधारण इतक्याच वापराने जीर्ण होते म्हणे! ज्याला वाळवी नाही, कसर नाही, ज्याची शिवण उसवत नाही, अशा ग्रंथास हुकमाने वार्धक्य आणण्याची ही कल्पना आम्हांस तर विनोदी वाटते. पण तिचे पैसे खऱ्या ग्रंथालयांनी भरले आहेत.

हे सारे कशाच्या आधारावर चालते? येथे कायद्याकडे वळणे भाग आहे. १९०४ मध्ये बॉब्स-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली की, एक डॉलरहून कमी किमतीस हे पुस्तक विकणे हा आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निर्णय झाला की, प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील विक्रीची किंमत ठरविण्याचा हक्क प्रकाशकास उरत नाही. छापील पुस्तक उसने देणारे अमेरिकेतील प्रत्येक ग्रंथालय याच तत्त्वावर उभे आहे. १९०८ मध्ये जे छापील सूचनेने साधले नाही, ते आज प्रकाशक कराराने साधतात. ई-पुस्तक ते विकतच नाहीत; वापरण्याचा परवाना देतात. विक्री नाही म्हणून विक्रीपाठोपाठ येणारे हक्क नाहीत. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदा करून ग्रंथालयांस वाजवी अटींवर परवाने देण्याचे बंधन प्रकाशकांवर घातले. संघराज्याच्या कॉपीराइट कायद्याशी विसंगत म्हणून तो २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही.

आपल्या १९५७ च्या कायद्याचे कलम १४ हेच तत्त्व मानते : ग्रंथाची जी प्रत एकदा विकली गेली, ती प्रसारात आलेली समजावी. म्हणून वडिलांनी घेतलेली ज्ञानेश्वरीची छापील प्रत मुलाने देवस्थानच्या वाचनालयास दिली, तर कोणाच्या संमतीची गरज पडत नाही. तोच मुलगा वडिलांच्या किंडलमधील पुस्तके देऊ म्हणेल, तर अटींचा कागद आड येतो. ती विकण्यास, भाड्याने देण्यास वा त्यांवरील हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यास तेथे मनाई आहे. हा कागद वाचून ‘मान्य’ म्हणणारा ग्राहक आमच्या वकिलीत तरी आम्हांस भेटलेला नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की, जो विक्रेता अशा मालास ‘विकत घ्या’ म्हणतो, त्याने हा केवळ परवाना आहे हे ग्राहकास ठळकपणे सांगितलेच पाहिजे. एवढी तरतूद तरी आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यात शब्दशः यावी, अशी आमची मागणी आहे. ग्रंथालयांच्या वाजवी दरांचा प्रश्न त्यानंतर संसदेपुढे नेता येईल.