पिवळ्या कागदाआडची स्त्री

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा भयकथा म्हणून वाचली जाते. मला ती एका रुग्णाची कैफियत वाटते. बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या नायिकेला तिचा डॉक्टर पती विश्रांतीसाठी जुन्या वाड्यात आणतो व लिहिण्याची मनाई करतो. भिंतीवरील पिवळ्या कागदाच्या नक्षीत तिला हळूहळू कोंडलेली स्त्री दिसू लागते. लेखिकेने हे स्वतः भोगले होते. कन्येच्या जन्मानंतर, १८८७ साली, डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी तिला विश्रांती-उपचार देऊन लेखणीला स्पर्श न करण्याचे बजावले होते.

कथेचे सामर्थ्य पतीच्या चित्रणात आहे. तो दुष्ट नव्हे, प्रेमळ आहे; पत्नीला लहान मुलीसारखे चुचकारतो, तिचे म्हणणे तेवढे ऐकत नाही. शेवटी कागद फाडून ती मुक्त होते, असे काही समीक्षक मानतात. मला ते पटत नाही. खोलीत रांगत फिरणारी ती स्त्री मुक्त कशी?

बाळंतपणानंतर सतत रडणाऱ्या एका तरुण मातेला, ‘विश्रांती घे, जपमाळ म्हण,’ असे सांगून मी एकदा निरोप दिला होता. कथा वाचताना तिचा चेहरा आठवत राहिला. तिचे बोलणे अर्धेच झाले होते.