लघुउद्योगांतील संशोधन व शासकीय अर्थसाहाय्य : एक परीक्षण

लघुउद्योगांत संशोधन होत नाही, असे विधान अर्थशास्त्रीय लेखनात वारंवार आढळते. दादर-परळ परिसराचा औद्योगिक इतिहास त्यास दुजोरा देत नाही. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली परळ येथे अल्प प्रमाणावर विको या उद्योगाचा आरंभ केला. वनौषधींच्या मिश्रणाचे प्रमाण ठरविणे, माल टिकाऊ व एकसारखा करणे, हेही संशोधनच होय. मात्र अशा खटपटीची नोंद संशोधन म्हणून सहसा होत नाही.

१९३३ साली स्थापन झालेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग पुढे दादरलगतच्या माटुंग्यास आला. २००८ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु लहान कारखाना व प्रयोगशाळा यांतील अंतर मैलांनी मोजावयाचे नसते. चाचणीचे शुल्क, कच्च्या मालाची नासाडी आणि प्रयोगापायी खोळंबलेले उत्पादन यांचा भार कोणी वाहावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

शासकीय योजना त्यास कितपत उत्तर देतात? २०१२ साली स्थापन झालेल्या जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषदेची ‘बिग’ योजना प्राथमिक कल्पनेस ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. ती स्तुत्य खरी. तथापि जैवतंत्रज्ञानाबाहेरील कारखानदारास तिचा लाभ नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेला संशोधन, विकास व नवोपक्रम निधी १ लाख कोटी रुपयांचा आहे. परंतु तो मुख्यत्वे दीर्घ मुदतीच्या, अल्प वा शून्य व्याजाच्या कर्जरूपाने मिळावयाचा असून, तंत्रज्ञान-सिद्धतेच्या ९ पायऱ्यांपैकी किमान चौथी, म्हणजे प्रयोगशाळेतील पडताळणीची, पायरी गाठलेल्या प्रकल्पांपुरता मर्यादित आहे. शिवाय यशस्वी प्रयोग कर्ज फेडू शकतो. फसलेला प्रयोग ते कारखानदाराच्या शिरावर ठेवून जातो.

अपक्व कल्पनांवर सार्वजनिक पैसा उधळला जाऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. १९८२ च्या अमेरिकन कायद्याने त्याचा विचार केलेला दिसतो. प्रथम अल्प मुदतीसाठी लहान रक्कम द्यावयाची व निष्कर्ष अनुकूल ठरल्यासच मोठी. शिवाय मोठे संशोधन-अंदाजपत्रक असलेल्या सरकारी खात्यांनी त्यातील ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावयाचा, अशी ती व्यवस्था होती.

तात्पर्य, निधीच्या आकाराइतकेच तो कोणत्या पायरीवर हाती येतो यास महत्त्व आहे. पहिल्या तीन पायऱ्या कुटुंबाच्या बचतीवर सोपविणारे धोरण संशोधनाची जोखीम, ज्यास ती सर्वांत कमी परवडते, त्याच्याच माथी मारते.