उसनी रूपे, नवा अर्थ

रोमच्या फोरममधील सांता मारिया अँटिक्वा चर्चमध्ये इ. स. २७०च्या सुमाराची एक संगमरवरी शवपेटिका आहे. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, गुंडाळी वाचणारा तत्त्वज्ञ, हात उभारून प्रार्थना करणारी स्त्री, वेलीखाली पहुडलेला योना आणि प्रभूचा बाप्तिस्मा तिच्यावर कोरलेला आहे. योनाची विवस्त्र, निद्रिस्त काया ग्रीक पुराणकथेतील एंडिमिऑनची. मेंढपाळाची ठेवण मेंढा वाहणाऱ्या हर्मिसची.

मग आमच्या श्रद्धेची चित्रभाषा उसनी ठरते काय? शब्द उसने आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. वाक्य मात्र नवे आहे. एंडिमिऑन चिरनिद्रेत बुडतो, योना मृत्यूच्या जबड्यातून सुटून विसावतो. ग्रीक पशुवाहक पशू वेदीकडे नेतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ हरवलेले मेंढरू घरी आणतो.

तत्त्वज्ञ मात्र एकटा पाहिला तर ख्रिस्ती वाटत नाही. शेजारच्या दृश्यांमुळेच तो आपला होतो. संत जस्टिनने धर्मांतरानंतरही तत्त्वज्ञाचा झगा टाकला नव्हता, हे येथे आठवते. या वाचकाचा व प्रार्थना करणाऱ्या स्त्रीचा चेहरा शिल्पकाराने अपुराच ठेवला आहे. मृतांची मुखे तेथे यावयाची होती. जुन्या साच्यात आपला चेहरा कोरण्याचे ते काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, असे आम्हांस वाटते.