रिकाम्या चर्चमधील दोन गायने

२०२० सालच्या पवित्र सप्ताहात युरोपातील दोन विख्यात चर्चमध्ये श्रोत्यांवाचून दोन गायने झाली. गुड फ्रायडेला, १० एप्रिल रोजी, जर्मनीतील लाइपझिग शहराच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख याचे 'योहानकृत शुभवर्तमानानुसार दुःखसहन' सादर झाले. ईस्टर रविवारी, १२ एप्रिल रोजी, इटलीतील मिलानच्या महामंदिरात आंद्रेआ बोचेल्ली हे सुप्रसिद्ध गायक एकटेच गायले. दोन्ही कार्यक्रम लोकांनी आपापल्या घरी पडद्यावर पाहिले. त्यांची ध्वनिचित्रमुद्रणे आजही उपलब्ध आहेत. त्या वेळी या दोहोंविषयी जे बोलले गेले ते बहुतांशी डोळे पुसता पुसता बोलले गेले. आता काही वर्षे लोटली आहेत. तेव्हा त्यांच्याकडे संगीत म्हणून, त्यातही उपासनेचे संगीत म्हणून, शांतपणे पाहावयास हरकत नसावी.

हा विषय आताच का काढला, असे कोणी विचारील. त्या दिवसांत आपली मिस्सादेखील पडद्यावर आली होती. मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागू झाली आणि झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचे विधी धर्मगुरूंनी रिकाम्या बाकांसमोर केले. पुढे चर्चे उघडली, माणसे परतली. परंतु माणसांबरोबर त्यांचा आवाज मात्र पुरता परतला नाही, असे आमचे निरीक्षण आहे. ध्वनिक्षेपकापाशी चौघे-पाचजण गातात आणि उरलेला समुदाय, पडद्यापुढे बसण्याची जी सवय जडली तीच पुढे चालवीत, ऐकत राहतो. गाणारे चांगले गातात, त्यामुळे कोणाला काही उणे वाटत नाही. हे उणेपण त्या दोन गायनांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मिलान. लोम्बार्डी प्रांतावर तेव्हा मृत्यूची गडद छाया पडली होती आणि मिलान ही त्या प्रांताची राजधानी. ऑर्गनवादक एमान्युएले व्हियानेल्ली यांच्या साथीने बोचेल्ली सुमारे पंचवीस मिनिटे गायले. एका वेळी २८ लाखांहून अधिक लोक तो कार्यक्रम पाहत होते. सेझार फ्रँकचे 'पानिस अँजेलिकुस', बाखच्या स्वरावलीवर शार्ल गुनोने रचलेले 'आवे मारिया', मास्कान्यीच्या संगीतिकेतील सुरांवर बांधलेले 'सांक्ता मारिया', रोस्सिनीच्या मिस्सेतील 'दोमिने देउस', आणि शेवटी महामंदिराच्या दाराबाहेर, निर्मनुष्य चौकाकडे तोंड करून, 'अमेझिंग ग्रेस'. त्या सुरांवर पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील ओस पडलेल्या रस्त्यांची दृश्ये सरकत जातात.

गायन प्रामाणिक होते यात शंका नाही. बोचेल्ली यांचे वय तेव्हा ६१ होते. वरच्या स्वरांवरची त्यांची पकड पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे ऐकणाऱ्याला कळते. पण त्यामुळे गाण्याला एक मानवी थकवा आला आणि तो त्या दिवसाला शोभलाच. आमचा आक्षेप गळ्याविषयी नाही, निवडीविषयी आहे. ईस्टरचा दिवस, आणि पाचांपैकी एकही गीत पुनरुत्थानाचे नाही. मास्कान्यीच्या ज्या संगीतिकेतून एक चाल घेतली तिचे कथानक सिसिलीतील एका गावात ईस्टरच्याच दिवशी घडते, एवढाच काय तो संबंध. शिवाय ते महामंदिर मिलानचे! संत अँब्रोज यांच्या नावाने ओळखली जाणारी, रोमच्या परंपरेहून वेगळी अशी गायनपद्धती ज्या नगराने आजवर सांभाळली, तिचा एकही स्वर त्या संध्याकाळी उमटला नाही. जगाला ओळखीची असलेली गाणी निवडली गेली. जगाने ती ओळखली, डोळे पुसले आणि पडदा बंद केला. याहून अधिक काही करण्यास श्रोत्याला सांगितलेच नव्हते.

मिलानच्या संदर्भात ही उणीव अधिक खुपते, कारण समुदायाने गाण्याचा इतिहास याच नगरात आहे. ३८६ साली सम्राज्ञी जस्टिना हिने अँब्रोज यांच्या चर्चवर आपला हक्क सांगितला, तेव्हा भाविक रात्रंदिवस आत जागत बसले. लोकांनी दुःखाने खचून जाऊ नये म्हणून पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे व गीते सर्वांनी मिळून गाण्यास तेव्हा आरंभ झाला, असे संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या नवव्या खंडात सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्याच नगरात झाला आणि ती गीते ऐकताना आपणांस रडू कोसळले हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ते रडू आणि पडद्यापुढचे रडू यांत फरक आहे. ऑगस्टीन गाणाऱ्यांच्या मधोमध उभे होते.

दुसरा प्रसंग १५७६ सालचा. मिलानमध्ये प्लेग शिरला. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ (ख्रिस्तसभेने त्यांना १६१० साली संतपद दिले) यांनी आरंभी अनवाणी पायांनी, गळ्यात दोर अडकवून प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. पुढे साथ वाढली आणि नगरवासीयांना घरांतच राहण्याचा हुकूम झाला. तेव्हा त्यांनी काय केले? चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे खिडकीतून मिस्सा दिसावी. दिवसातून सात वेळा महामंदिराची घंटा वाजावी आणि घंटा झाली की प्रत्येकाने आपल्या दारात वा खिडकीत यावे, एकाने विनवणीचे पद म्हणावे, समोरच्या घरांनी उत्तर द्यावे, अशी व्यवस्था लावली. पाओलो बिशोला या येशूसंघीय धर्मगुरूने त्या दिवसांचा वृत्तांत लिहिला आहे. रस्त्यांतून कोणी फिरत नसताना सारे नगर गात असल्याचे चित्र त्यातून उभे राहते. बोरोमिओ स्वतः गायक नव्हते. लोकांना घरात बसवावे लागले तरी त्यांच्या तोंडचे गाणे काढून घेता कामा नये, एवढे मात्र त्यांना उमगले होते. २०२० च्या मार्चमध्ये इटलीतील लोक सज्जांत येऊन गाऊ लागले तेव्हा वर्तमानपत्रांना ते अपूर्व वाटले. मिलानला ते अपूर्व वाटण्याचे कारण नव्हते.

आता लाइपझिगकडे वळू. बाख १७२३ पासून १७५० मध्ये निधन होईपर्यंत या नगरात चर्चसंगीताचा प्रमुख होता. त्याचे हे 'दुःखसहन' ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला येथीलच सेंट निकोलस चर्चमध्ये प्रथम गायिले गेले. एरवी त्यासाठी मोठा गायकवृंद, वाद्यमेळ आणि अनेक एकल गायक लागतात. २०२० मध्ये हे सारे अशक्य होते. म्हणून बेनेडिक्ट क्रिस्त्यान्सन हा आइसलंडचा गायक, हार्पसिकॉर्ड व ऑर्गन वाजविणारी एलिना अल्बाख आणि तालवाद्ये वाजविणारा फिलिप लाम्प्रेख्त अशा तिघांनी ते सादर केले. बाखच्या समाधीभोवती अंतर राखून उभे राहिलेले मोजके गायक त्यांच्या जोडीला होते. तिघांचा हा प्रयोग महामारीपूर्वीच बांधलेला होता. टाळेबंदीने तो निर्माण केला नाही, त्याला त्याची वेळ दिली.

एकच माणूस निवेदक, तोच ख्रिस्त, तोच पिलात, तोच पेत्र. प्रथम हे कानाला खटकते. पिलाताचा प्रश्न आणि प्रभूचे उत्तर एकाच कंठातून आले की दोघांमधील अंतर पुसले जाते, आणि बाखने तर प्रभूच्या वचनांसाठी खर्जातला स्वतंत्र आवाज योजलेला. तालवाद्येही काही ठिकाणी मर्यादा सोडतात. जमावाचा आक्रोश दाखविताना कथेपेक्षा वादकाचे कौशल्यच नजरेत भरते. पण पेत्र नाकारतो त्या जागी या एकाच आवाजाचा अर्थ आम्हांस लागला. नाकारणारा, त्याची कथा सांगणारा आणि रडणारा एकच आहे. चौघांत वाटलेल्या सादरीकरणात ही गोष्ट इतक्या थेटपणे जाणवत नाही.

तरीही या प्रयोगाचे मर्म एकल गायनात नाही, ते कोरालमध्ये आहे. कोराल म्हणजे लुथरन समुदायाची साधी, चार ओळखीच्या चालींत बसणारी गीते. बाखने या कृतीत अकरा ठिकाणी ती पेरली आहेत. कथा पुढे सरकते, थांबते, आणि कथा ऐकणाऱ्यांच्या वतीने एक कोराल म्हटले जाते. यांतली काही पदे स्वतःच संकटातून जन्मलेली. त्यांपैकी एक योहान हेरमान याने १६३० साली, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, प्रसिद्ध केले. लाइपझिगच्या कार्यक्रमात ही कोराल घरी बसलेल्यांनी म्हणावीत असे आवाहन होते. कोराल आले की गायक श्रोत्यांकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, वळून हाताने ताल दाखवितो. ओटावा, मलेशिया येथील गायकवृंदांची आधी मुद्रित केलेली चित्रेही मध्ये जोडली होती. ती थोडी अधिक घोटीव झाली आहेत आणि चौकटीचौकटींतले ते चेहरे पाहताना गाणे विसरायला होते. परंतु त्या हाताच्या खुणेत बोरोमिओंची घंटा आहे. कॅथलिक मिलानची रीत त्या वर्षी लुथरन लाइपझिगने पाळली, हे नोंदविताना आम्हांस संकोच वाटत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. गाण्यानेच त्या दिवसांत माणसे मारली. ८ मार्च २०२० रोजी ॲमस्टरडॅमच्या विख्यात संगीतगृहात एका हौशी गायकवृंदाने हेच 'योहानकृत दुःखसहन' गायिले. पुढील दिवसांत १३० पैकी १०२ गायक आजारी पडले. एक गायक आणि इतरांचे तीन जोडीदार दगावले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला सरावास जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जणांना बाधा झाली, दोघांचा अंत झाला. श्वास खोल घेऊन, तोंड उघडून, एकमेकांना खेटून गाणे हेच साथीला फावले. तेव्हा समुदायाला गप्प बसविणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना आणि शासनाला दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्या वेळी गप्प बसणे हे शेजाऱ्यावरील प्रेमच होते. प्रश्न आहे तो ते मौन संपल्यावरचा. आणि मौन चालू असतानाही घराच्या चार भिंतींत काय शक्य होते, याचा.

संगीताचा रसिक प्रवासी असतो. स्वतः बाख विशीत, १७०५ साली, आर्नश्टाटहून ल्युबेकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर चालत गेला, ते बुक्स्टेहुडेचे ऑर्गनवादन ऐकण्यासाठी. आणि मंजूर रजेपेक्षा कितीतरी अधिक काळ राहून परतला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली. लाइपझिगच्या बाख महोत्सवाला दरवर्षी देशोदेशींचे लोक जातात. २०२० चा महोत्सव रद्द झाला. आपल्याकडे त्याच वर्षी पंढरीची वारी पायी निघाली नाही. पादुका एसटीच्या बसमधून गेल्या. चालणे आणि गाणे ज्या परंपरेत वेगळे काढताच येत नाही तिच्यावर हा प्रसंग आला. पण वारकऱ्याला हरिपाठ पाठ असतो. चालणे थांबले म्हणून त्याचे गाणे थांबण्याचे कारण नव्हते. ज्याला काहीच पाठ नाही त्याला मात्र प्रवास बंद झाल्यावर पडदा तेवढा उरतो.

आपल्याला काय पाठ आहे? फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले, १६१६ साली ते छापले गेले, आणि गोमंतकातील भाविकांनी ते चर्चमध्ये व घरांत गायिले. ओवी हा छंद जात्यावर बसणाऱ्या बाईच्या कंठातला. त्याला ना वाद्य लागते, ना ध्वनिक्षेपक. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्यांत दुःखसहनाचा सबंध वृत्तांत. आजच्या घरांत त्यांपैकी दहा तरी कोणाला येतात का? आम्ही बाप्तिस्म्याच्या आणि मयताच्या घरी हा प्रश्न अधूनमधून विचारतो. उपवासकाळातली जुनी पदे आजीला येतात, नातीला त्यांची चाल तेवढी ठाऊक असते.

गुड फ्रायडेच्या विधीत योहानाचे दुःखसहन अनेकजण मिळून वाचतात आणि जमावाचे शब्द समुदायाच्या वाट्याला देण्याची रीत आहे. २०२० साली ते शब्दही आम्ही वेदीवरून एकट्यानेच म्हटले. पुढे तीन वाचक आले, तरी जमावाचे शब्द ध्वनिक्षेपकापाशी उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या वाचकाकडेच राहिले आहेत. येत्या उपवासकाळात ते बाकांकडे परत द्यावेत, आणि क्रूसाच्या वंदनावेळची दोन पदे वाद्यांशिवाय, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, सर्वांनी म्हणावीत, असे आमच्या गायकवृंदाच्या प्रमुखांशी ठरले आहे. पदांचे कागद छापून घरोघर देण्याचे काम युवकांनी घेतले आहे. पहिल्या वर्षी आवाज विस्कळीत होईल, असे ते म्हणतात. आम्हांसही तसेच वाटते.